एव्हिएशन पदवीधरांसाठी एफएएचा १००० तासांचा एटीपी परवाना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

अमेरिकेतील नियमित प्रवासी विमानसेवेत सहवैमानिकाच्या जागेवर बसण्यासाठीही एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट, म्हणजे एटीपी परवाना लागतो आणि त्यासाठी साधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव दाखवावा लागतो. एव्हिएशन विषय घेऊन पदवी मिळवणाऱ्यांना फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, अर्थात एफएएने, नियम ६१.१६० खाली यात सवलत दिली आहे. या सवलतीने मिळणाऱ्या परवान्याला 'रिस्ट्रिक्टेड एटीपी' म्हणतात.

पदवी हातात आली की ही सवलत आपोआप मिळते, असे विद्यार्थी आणि पालक धरून चालतात आणि घोळ इथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात ती तीन गोष्टींवर अवलंबून असते: विद्यापीठाकडे एफएएचे अधिकारपत्र आहे का, इन्स्ट्रुमेंट (बाहेर न पाहता फक्त उपकरणांच्या आधारे उडवणे) आणि कमर्शियल (पगार घेऊन उडवण्याचा परवाना) यांचे प्रशिक्षण कुठे झाले, आणि पदवीनंतर विद्यापीठाने पात्रतेचे लेखी विधान दिले का. कमी पडलेले तास पुढे भरून काढता येतात. चुकीच्या ठिकाणी झालेले प्रशिक्षण मात्र नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून खालील टप्पे प्रवेश घेण्याच्या आधीपासून सुरू होतात.

## कोणाला किती तास

- एव्हिएशन मुख्य विषय असलेली चार वर्षांची पदवी आणि एव्हिएशनशी संबंधित किमान ६० सेमिस्टर क्रेडिट (कोर्सचा भार मोजण्याचे विद्यापीठाचे एकक) असल्यास १००० तास.
- तीच पदवी, पण असे क्रेडिट किमान ३० आणि ६० पेक्षा कमी असल्यास १२५० तास.
- एव्हिएशनमधील दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि किमान ३० क्रेडिट असल्यास १२५० तास.

रिस्ट्रिक्टेड एटीपीसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, पूर्ण एटीपीसाठी ती २३ आहे. लष्करी वैमानिकांसाठीची ७५० तासांची सवलत अमेरिकी सैन्यदलांपुरतीच आहे. भारतीय हवाई दलातील सेवेला ती लागू होत नाही, तरी हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

## टप्पा १: अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाचे अधिकारपत्र तपासणे

ज्या संस्थांना आपल्या पदवीधरांची पात्रता प्रमाणित करण्याचा अधिकार आहे, त्यांची यादी एफएएच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचे नाव त्या यादीत दिसले म्हणून काम झाले असे समजू नका. अधिकारपत्र विशिष्ट पदवी-अभ्यासक्रमांपुरते असते. एकाच विद्यापीठात व्यावसायिक उड्डाणाचा अभ्यासक्रम पात्र असू शकतो आणि विमानतळ व्यवस्थापनाचा किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचा अभ्यासक्रम नसू शकतो. एरोनॉटिकल किंवा एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी तर या कामी गृहीत धरूच नये. विमान कसे बनते हे शिकवणारी पदवी आणि विमान चालवण्याशी जोडलेली पदवी या नियमाच्या दृष्टीने वेगळ्या आहेत.

प्रवेश कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: माझा नेमका अभ्यासक्रम ६० क्रेडिटच्या सवलतीसाठी मान्य आहे का, त्यातील कोणते कोर्स या ६० मध्ये मोजले जातात, आणि दुसऱ्या संस्थेतून आणलेले क्रेडिट मोजले जातात का. तिसरा प्रश्न आधी कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षे काढून खर्च वाचवू पाहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. फोनवर मिळालेल्या तोंडी आश्वासनाचा चार वर्षांनी काहीही उपयोग होत नाही.

सावधान: एजंटच्या माहितीपुस्तिकेत 'एफएए-मान्य' असे छापलेले असते. त्याचा अर्थ बहुधा उड्डाण प्रशिक्षणाला मान्यता आहे एवढाच असतो. पदवीधरांना सवलतीसाठी प्रमाणित करण्याचा अधिकार ही वेगळी बाब आहे.

## टप्पा २: वैद्यकीय तपासणी, सुरक्षा परवानगी आणि नाव

उड्डाण प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवावे. शिकाऊ वैमानिकाला तृतीय श्रेणीही चालते, त्यामुळे अनेक जण तेवढ्यावर थांबतात आणि रंगदृष्टीतील दोष किंवा जुन्या औषधोपचाराची अडचण तिसऱ्या वर्षी समोर येते. चाळिशीच्या आतील वैमानिकासाठी प्रथम श्रेणी १२ महिने वैध असते. मेडएक्सप्रेस या ऑनलाइन अर्जात पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया आणि औषधे खरी नोंदवावीत. लपवलेली माहिती उघड होणे हे बहुतेक आजारांपेक्षा महागात पडते.

अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना उड्डाण प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, म्हणजे टीएसएची, परवानगी लागते. तिला वेळ लागू शकतो, म्हणून सत्र सुरू होण्याची वाट न पाहता विद्यापीठाच्या सूचनेनुसार लगेच अर्ज करावा.

आता नावाविषयी, कारण मराठी विद्यार्थी इथे हमखास अडकतात. आपल्या पासपोर्टवर 'आदित्य विनायक' हे दिलेले नाव आणि त्यापुढे आडनाव असे छापलेले असते, म्हणजे वडिलांचे नाव त्यात आलेले असते. आयएसीआरए या एफएएच्या ऑनलाइन परवाना-अर्ज प्रणालीत खाते उघडताना कोणी नुसते 'आदित्य' लिहितो, लेखी परीक्षेच्या नोंदणीत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर टाकतो आणि पदवी प्रमाणपत्रावर पूर्ण नाव येते. परीक्षकाला ही तीन वेगळी माणसे वाटली तर त्याचा दोष नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जावर पासपोर्टप्रमाणेच पूर्ण नाव लिहावे.

तपासा: पासपोर्ट, आयएसीआरए, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची नोंद या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे आहे का?

## टप्पा ३: इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियल प्रशिक्षण योग्य जागी पूर्ण करणे

नियमानुसार इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि कमर्शियल परवान्यासाठी लागणारे जमिनीवरील शिक्षण विद्यापीठातच, भाग १४१ (उड्डाण प्रशाळांसाठीचे एफएएचे नियम) खाली मंजूर अभ्यासक्रमात व्हावे लागते. उड्डाणाचे प्रशिक्षण विद्यापीठात किंवा विद्यापीठाशी रीतसर करार असलेल्या भाग १४१ च्या प्रशाळेत व्हावे लागते. प्रायव्हेट परवाना (पगाराशिवाय उडवण्याचा सुरुवातीचा परवाना) मात्र बाहेर घेतला तरी चालतो.

सर्वात महाग चूक याच टप्प्यावर होते. उन्हाळी सुटीत एखाद्या स्वस्त खासगी प्रशाळेत जाऊन कमर्शियल उरकून टाकण्याचा मोह होतो, कारण विद्यापीठातील विमानाचा तासाचा दर जास्त असतो आणि रांगही मोठी असते. अशा विद्यार्थ्याला परवाना मिळतो, पदवीही मिळते, पण १००० तासांची सवलत जाते आणि वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात पुढे ५०० तास जास्त उडवावे लागतात.

बारामती, धुळे किंवा गोंदियाला भारतीय सीपीएल, म्हणजे कमर्शियल परवाना करून मग अमेरिकेत पदवीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. भारतात उडवलेले तास एकूण अनुभवात धरले जातात, परंतु सवलत हवी असेल तर इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियलचे प्रशिक्षण विद्यापीठाच्या मंजूर अभ्यासक्रमातून नव्याने पूर्ण करावे लागते. ज्याच्याकडे आधीच चांगले तास आहेत, त्याने ही पदवी केवळ सवलतीसाठी घ्यावी का, याचा हिशोब थंड डोक्याने करावा. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत उत्तर नाही असेच येईल.

## टप्पा ४: क्रेडिटचा हिशोब आणि लेखी विधान

दर सत्राच्या शेवटी सल्लागाराकडे बसून ६० पैकी किती क्रेडिट झाले ते मोजून घ्यावे. पर्यायी विषय निवडताना सोपा म्हणून घेतलेला एखादा कोर्स या ६० मध्ये बसत नाही आणि पदवीधर ५८ वर अडकतो. अशा वेळी दोन क्रेडिटच्या कमतरतेची किंमत २५० तास होते.

पदवी अधिकृतपणे प्रदान झाल्यानंतर विद्यापीठाकडून एक विधान घ्यायचे असते: या व्यक्तीने नियम ६१.१६० मधील संबंधित उपकलमाच्या शैक्षणिक अटी पूर्ण केल्या आहेत. ते गुणपत्रकावर छापलेले असते किंवा स्वतंत्र पत्रावर मिळते. त्यात कोणते उपकलम लिहिले आहे ते जागच्या जागी वाचावे, कारण ६० क्रेडिटच्या उपकलमाऐवजी ३० क्रेडिटचे उपकलम छापले गेले तर तुम्ही १२५० तासांच्या रांगेत जाता.

तपासा: पदवी प्रदान झाल्याची तारीख गुणपत्रकावर आहे का? सर्व कोर्स पूर्ण आहेत पण पदवी प्रदान व्हायची आहे, अशा अवस्थेत सवलत वापरता येत नाही.

## टप्पा ५: पदवीनंतरचे तास

पदवी घेताना बहुतेकांच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, २०० ते २५० तासांच्या आसपास अनुभव असतो. उरलेले साडेसातशे तास गोळा करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे फ्लाइट इन्स्ट्रक्टर होणे. त्यासाठीच्या लेखी परीक्षा आणि चेकराइड (परीक्षकासमोरची प्रत्यक्ष परीक्षा) पदवीच्या शेवटच्या वर्षातच उरकाव्यात. विद्यार्थ्याला शिकवत असताना इन्स्ट्रक्टर ते तास पायलट-इन-कमांड, म्हणजे उड्डाणाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून नोंदवू शकतो, त्यामुळे त्या रकान्याची चिंता सहसा उरत नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी इथे वेळेचे गणित कडक आहे. पदवीनंतर पगारी काम करण्यासाठी ओपीटीची मंजुरी लागते. तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, मूळ मुदत १२ महिन्यांची असते आणि त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. १२ महिन्यांत ७५० तास म्हणजे दर महिन्याला साडेबासष्ट तास. खराब हवामान, दुरुस्तीला गेलेली विमाने आणि ऐनवेळी न येणारे विद्यार्थी धरून हा आकडा गाठायचा असतो. म्हणून इन्स्ट्रक्टरचा परवाना आणि नोकरी दोन्ही ओपीटी सुरू होण्याच्या दिवशी तयार असावी लागतात.

सावधान: १००० तास भरले म्हणून नोकरीचा हक्क मिळत नाही. अमेरिकी विमान कंपन्या साधारणपणे कायमस्वरूपी काम करण्याचा अधिकार मागतात. ज्याच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नाही, त्याने या सवलतीभोवती सगळे नियोजन उभे करू नये.

## टप्पा ६: लॉगबुक, रकान्यानुसार

एकूण १००० तास झाले आणि अर्ज परत आला, असे घडते ते आतल्या अटींमुळे. त्या अशा:

- क्रॉस-कंट्री २०० तास (पूर्ण एटीपीला ५००)
- रात्रीचे उड्डाण १०० तास
- इन्स्ट्रुमेंट ७५ तास
- ज्या वर्गाचे रेटिंग हवे त्या वर्गात, म्हणजे मल्टी-इंजिन विमानात, ५० तास
- पायलट-इन-कमांड २५० तास, त्यात १०० क्रॉस-कंट्री आणि २५ रात्रीचे

क्रॉस-कंट्री. एटीपीसाठी ज्या ठिकाणाहून निघालो तिथून सरळ रेषेत ५० सागरी मैलांपेक्षा जास्त दूर गेलेले उड्डाण मोजले जाते. तिथे उतरलेच पाहिजे असे नाही. कमर्शियल परवान्याच्या वेळी मात्र उतरणे आवश्यक होते, आणि ती सवय हाताला लागलेली असते. एक उदाहरण पाहा. डेटोना बीचहून ऑर्लँडोच्या एक्झिक्युटिव्ह विमानतळावर उतरून परत आलात, तर सरळ अंतर सुमारे ४० सागरी मैलच भरते. ते उड्डाण सर्वसाधारण क्रॉस-कंट्री असले तरी एटीपीच्या २०० तासांत धरता येत नाही. डेटोनाहूनच सुमारे ७० सागरी मैलांवरील गेन्सव्हिलपर्यंत जाऊन न उतरता वळलात, तर ते संपूर्ण उड्डाण एटीपीसाठी धरले जाते. अनेकांचा एकच क्रॉस-कंट्री रकाना असतो आणि त्यात पहिल्या प्रकारचे तास भरलेले असतात, दुसऱ्या प्रकारचे मात्र नोंदलेलेच नसतात. एटीपीच्या क्रॉस-कंट्रीसाठी वेगळा रकाना इन्स्ट्रक्टर झाल्याच्या पहिल्या दिवशी सुरू करावा आणि टिप्पणीत सर्वात दूरचे ठिकाण लिहावे.

इन्स्ट्रुमेंट. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर हूड (बाहेरचे दिसू न देणारा आडोसा) आहे आणि बाहेर स्वच्छ आकाश आहे, अशा वेळी इन्स्ट्रुमेंटचा वेळ विद्यार्थ्याचा असतो. इन्स्ट्रक्टरला तो नोंदवता येत नाही. खरोखर ढगांत किंवा दृश्य नसलेल्या हवामानात इन्स्ट्रुमेंट शिकवत असाल, तरच तुमच्या रकान्यात तो येतो. ॲरिझोनासारख्या कोरड्या, निरभ्र भागात शिकवणारे इन्स्ट्रक्टर त्यामुळे ९५० तासांवर येतात आणि इन्स्ट्रुमेंटमध्ये मागे पडलेले असतात. दोन इन्स्ट्रक्टरांनी मिळून विमान घ्यावे, एकाने हूड घालून उडवावे आणि दुसऱ्याने सुरक्षा-वैमानिक म्हणून बाहेर लक्ष ठेवावे, मग अदलाबदल करावी. हा उपाय साधा आहे आणि कायदेशीर आहे, फक्त तो शेवटच्या महिन्यापर्यंत ढकलू नये.

रात्र. नोंदीसाठी रात्र सूर्यास्ताला सुरू होत नाही. संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यापासून पहाटेचा सुरू होईपर्यंतचा काळ धरला जातो. प्रत्येक उड्डाणात वीस-पंचवीस मिनिटे जास्त लिहिली तर शंभर तासांचा आकडा फुगतो आणि तपासणीत सगळ्या लॉगबुकावर संशय येतो. तास कमी पडत असतील तर २० पेक्षा जास्त झालेले रात्रीचे प्रत्येक पूर्ण थांबा असलेले टेकऑफ-लँडिंग एका तासाऐवजी धरता येते, पण अशा बदलाची मर्यादा २५ तासांची आहे.

मल्टी-इंजिन. हे तास महाग पडतात. ५० पैकी कमाल २५ तास मंजूर अभ्यासक्रमातील फुल-फ्लाइट सिम्युलेटरवर भरता येतात, आणि काही विमान कंपन्या त्यांच्या प्रशिक्षणात ते भरून घेतात. मल्टी-इंजिन इन्स्ट्रक्टरचा परवाना घेतला तर दुसऱ्याच्या पैशाने हे तास मिळतात. माझ्या मते या टप्प्यावर खर्च करायचा असेल तर तो इथे करावा.

तपासा: दर १०० तासांनी प्रत्येक रकान्याची बेरीज करा. ८०० तासांवर जो रकाना अर्ध्यापेक्षा मागे आहे, त्यासाठी त्याच आठवड्यात वेळापत्रक बदला.

## टप्पा ७: एटीपी-सीटीपी, लेखी परीक्षा, चेकराइड

हा क्रम बदलता येत नाही. आधी एटीपी-सीटीपी हा एटीपीच्या परीक्षेपूर्वीचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो: ३० तास वर्गात आणि १० तास सिम्युलेटरवर, त्यातले किमान ६ तास लेव्हल सी किंवा त्यावरच्या फुल-फ्लाइट सिम्युलेटरवर. त्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय मल्टी-इंजिन एटीपीच्या लेखी परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेत ७० टक्के गुण लागतात आणि निकाल ६० महिने ग्राह्य राहतो. शेवटी चेकराइड होते, आणि ती बहुतेक वेळा विमान कंपनीच्या टाइप रेटिंगबरोबरच (ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेबरोबरच) घेतली जाते.

स्वतःच्या खर्चाने सीटीपी आधीच करून ठेवण्याची घाई करू नये. अनेक कंपन्या नव्या वैमानिकांना तो स्वतः देतात, आणि दोन वर्षांपूर्वी शिकलेले चेकराइडच्या वेळी फारसे आठवत नाही.

चेकराइडला जाताना सीटीपीचे प्रमाणपत्र, लेखी परीक्षेचा निकाल, विद्यापीठाच्या विधानासह मूळ गुणपत्रक, बेरजा केलेले लॉगबुक आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. गुणपत्रकाची मोबाइलवरची प्रत चालेल असे समजू नये.

## टप्पा ८: बंधन काढणे

रिस्ट्रिक्टेड परवानाधारक नियमित विमानसेवेत कप्तान होऊ शकत नाही, आणि ज्या आंतरराष्ट्रीय किंवा पूरक (वेळापत्रकाबाहेरच्या) उड्डाणांना तीन किंवा अधिक वैमानिक लागतात तिथे सहवैमानिक म्हणूनही काम करू शकत नाही. वय २३ झाले, एकूण १५०० आणि क्रॉस-कंट्री ५०० तास झाले की लॉगबुक आणि अर्ज सादर करून बंधन काढून घेता येते. पुन्हा चेकराइड द्यावी लागत नाही. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. कप्तान होण्यासाठी त्यापुढे साधारणपणे विमानसेवेत सहवैमानिक म्हणून १००० तास लागतात.

## भारतात परतणार असाल तर

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकात एटीपीसाठी १५०० तास आहेत, त्यामुळे १००० तासांवरचा अमेरिकी परवाना त्या पातळीला पोहोचत नाही. भारतात एटीपीएलसाठी, म्हणजे एटीपीच्या भारतीय परवान्यासाठी, १५०० तासच लागतात आणि एव्हिएशनच्या पदवीने त्यात सूट मिळत नाही. इथे सहवैमानिक होण्यासाठी कमर्शियल परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि टाइप रेटिंग पाहिले जाते. म्हणून परतण्याचे नक्की असलेल्याने अमेरिकेत १००० चा आकडा गाठण्यासाठी वर्ष घालवण्याऐवजी डीजीसीएच्या (भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षा, भारतीय वैद्यकीय तपासणी आणि परवाना-रूपांतर यांची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करावी. रूपांतरासाठी लॉगबुकाच्या पानांच्या साक्षांकित प्रती आणि प्रशाळेचे पत्र लागू शकते. ते कॅम्पस सोडण्यापूर्वीच घ्यावे, कारण तुम्हाला शिकवणारे इन्स्ट्रक्टर वर्षभरात तिथे असतीलच असे नाही. आणि एफएएचा परवाना चालू ठेवून अमेरिकेतील पत्ता सोडणार असाल, तर त्या देशात तुमच्या वतीने नोटिसा स्वीकारणारा प्रतिनिधी एफएएकडे नोंदवावा लागतो. तो नोंदवल्याशिवाय परवान्याचा वापर करता येत नाही.